भारताचा सर्वकालीन स्वप्नसंघ : निवड रहीमसाहेबांच्या कसोटीवर

दुधनाकाठ (सेलू) – धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

गेले काही दिवस मी एका वहीत भारताचा आजवरचा सर्वोत्तम फुटबॉल संघ मांडतो आहे, खोडतो आहे आणि पुन्हा मांडतो आहे. अकरा मोठी नावे एकाखाली एक लिहिली की संघ झाला, असे मला वाटत नाही. तो संघ कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या रचनेत खेळणार, हे आधी ठरले पाहिजे. म्हणून मी खेळाडूंच्या आधी प्रशिक्षक निवडला. ते आहेत हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १९५१ आणि १९६२ या दोन आशियाई स्पर्धांमधली सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथे स्थान, ही तिन्ही यशे त्यांच्याच काळातली आहेत.

रहीमसाहेब मुळात शाळाशिक्षक होते आणि काचिगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवले होते. मनमाडहून आपल्या मराठवाड्यातल्या गावांवरून जाणारी जुनी मीटरगेज जिथे संपायची, तेच हे काचिगुडा. खेळाडू घडवताना ते अशा स्पर्धा भरवत, की ज्यांत ड्रिबलिंगला मनाई असे किंवा प्रत्येकाला आपल्या कच्च्या पायानेच खेळावे लागे. चेंडू पायाशी घोळवत ठेवणाऱ्यापेक्षा तो वेळेवर सोडणारा त्यांना अधिक मोलाचा वाटे, आणि एकाच जागेवर खेळता येणाऱ्यापेक्षा दोन-तीन जागा सांभाळणारा. माझी कसोटी हीच आहे : हा खेळाडू रहीमसाहेबांच्या सरावात टिकला असता का?

आता नियम सांगतो. प्रत्येक खेळाडू त्याच्या ऐन भरातला धरावा. सर्वांनी बूट घालून, आजच्या मैदानावर आणि आजच्या नियमांनी खेळायचे आहे. रचना चार-दोन-चार, म्हणजे चार बचावपटू, मध्ये दोन आणि पुढे चार. जकार्तातील १९६२ च्या अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी पाचांहून अधिक जण घेता येणार नाहीत, नाहीतर तोच संघ उचलून ठेवल्यासारखे होईल आणि चर्चेला काही उरणार नाही. त्याचबरोबर २००० नंतर भारतासाठी खेळलेले किमान दोन खेळाडू संघात हवेत.

माझा पहिला मसुदा असा आहे. गोलरक्षक पीटर थंगराज. बचावात उजवीकडे सय्यद नईमुद्दीन, मध्ये जर्नेल सिंग आणि संदेश झिंगन, डावीकडे सैलेन मन्ना. मधल्या फळीत नूर मोहम्मद आणि सुदीप चॅटर्जी. पुढे उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, मध्ये सुनील छेत्री आणि चुनी गोस्वामी, डाव्या बगलेवर तुलसीदास बलराम. जकार्ताचे पाच जण म्हणजे थंगराज, जर्नेल, पी. के., चुनी आणि बलराम.

आपापले आक्षेप कारणांसह मांडावेत, ही विनंती.

काचिगुडा पॅसेंजर (नांदेड)

धाग्याबद्दल मनापासून आभार. या विषयाशी माझे घरगुती नाते आहे. माझे आजोबा उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि हैदराबादच्या फतेह मैदानावर पाहिलेल्या सामन्यांबद्दल ते शेवटपर्यंत बोलत असत. ते मराठी माणूस, पण फुटबॉलविषयी बोलताना मात्र त्यांच्या तोंडी उर्दूच येई. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. त्या पाचही वर्षी आपले पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे आजोबा त्या संघाला 'आपला संघ' म्हणत, आणि ते मला अगदी रास्त वाटते.

माझा आक्षेप आघाडीबद्दल आहे. आपण नेव्हिल डिसूझाला वगळले आहे. मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या दिवशी प्रशिक्षक हैदराबादचा होता आणि तीन गोल करणारा खेळाडू मुंबईचा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्याचाच होता. भारत १-० ने पुढे होता आणि मग ४-१ ने हरला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांपैकी नेव्हिल एक होता. ज्या प्रशिक्षकाला आपण नेमले आहे, त्याच्याच हाताखाली सर्वांत मोठ्या मंचावर ज्याने गोल केले, त्यालाच बाहेर ठेवायचे, हे पटत नाही.

मांजरा (लातूर)

दोघांचेही लेखन आवडले. मी छेत्रीच्या बाजूने बोलणार आहे आणि त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. जून २०१८ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या वेळी रिकाम्या खुर्च्या पाहून छेत्रीने ध्वनिचित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली होती, हे आपल्याला आठवत असेल. ती पाहून मी आणि माझा धाकटा भाऊ रात्रीच्या लातूर एक्सप्रेसने मुंबईला निघालो. ४ जूनला अंधेरीच्या मैदानावर केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पाऊस इतका होता की चेंडू मध्येच पाण्यात अडकत होता. भारताने तो सामना ३-० असा जिंकला आणि त्यातले दोन गोल छेत्रीचे होते. त्यातला एक पेनल्टीवरचा होता आणि दुसऱ्यात त्याने पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला. त्या चिखलात पाय रोवायलाही जागा नव्हती, तरी त्या स्पर्शात कुठेही घाई नव्हती. आम्ही दोघेही नखशिखान्त भिजलो होतो आणि घशातून आवाज फुटत नव्हता.

रहीमसाहेबांच्या कसोटीवरही तो उतरतो. उंचीने तो फार नाही, पण हेडर अचूक आहे. दोन्ही पायांनी फटका मारतो. मध्यभागी आणि डाव्या बगलेवर सारख्याच सहजतेने खेळतो. भारतासाठी ९० हून अधिक गोल ही एका स्पर्धेतली झळाळी म्हणता येणार नाही, ती जवळजवळ वीस वर्षांची मेहनत आहे. शिवाय नांदेडच्या काकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते : छेत्रीचा जन्म सिकंदराबादचा आहे.

माझा खरा आक्षेप गोलरक्षकाबद्दल आहे, तो सविस्तर नंतर लिहिते.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

धागाकर्त्यांना एक प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारतो. ही निवड फुटबॉलची आहे की हैदराबादच्या आठवणींची? थंगराज, नईमुद्दीन, नूर मोहम्मद आणि बलराम, असे चार जण त्या एका शहराचे आणि वर प्रशिक्षकही तिथलाच. हैदराबादशी असलेले आपले नाते एकपदरी नाही, हे आपण सर्वजण जाणतो. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या दिवसांची आठवण आमच्या घरात अजूनही जड मनानेच निघते. म्हणून 'आपला संघ' हा शब्द मला थोडा जपून वापरावासा वाटतो.

फुटबॉलपुरते बोलायचे तर माझी शंका सैलेन मन्ना यांच्याविषयी आहे. त्यांच्या मोठेपणाबद्दल दुमत नाही; १९५१ च्या दिल्लीतील सुवर्णपदकाचे ते कर्णधार होते. पण आपल्या नियमात बूट सक्तीचे आहेत आणि त्यांच्या पिढीने उमेदीची वर्षे अनवाणी खेळण्यात घालवली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, त्यातली एक मन्नांची. रामनने बरोबरी साधली होती, तरीही अखेरच्या क्षणी गोल होऊन आपण २-१ ने हरलो. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने हरवले, तेव्हाही मन्नाच कर्णधार होते, आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. बुटांतले मन्ना कसे खेळले असते, याचा भरवसा कशावरून द्यायचा?

दुधनाकाठ (सेलू)

देवगिरी सर, आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. जड आठवणी आमच्याही घरात आहेत. परंतु रहीमसाहेबांच्या संघाची ती पाच वर्षे १९४८ नंतरची आहेत आणि त्या संघाने जे मिळवले ते मैदानावर मिळवले. एका शाळाशिक्षकाने पोलीस शिपायांच्या संघाला देशातील सर्वोत्तम संघ केले, याचा अभिमान वाटायला मला कोणत्याही राजवटीशी हिशेब करावा लागत नाही. तरीही आपण म्हणता तसा माझा कल एकीकडे झुकतो आहे का, हे मी पुन्हा तपासतो.

मन्नांबद्दल मात्र मी ठाम आहे. अनवाणी खेळणे हा त्या काळाचा भाग होता, तो खेळाडूचा दोष नव्हता. बूट सक्तीचे झाल्यानंतर ज्यांना ते जमले नाहीत ते मागे पडले. मन्ना त्यानंतरही भारतासाठी खेळत राहिले. बचावात उभे राहून समोरच्याची चाल आधी ओळखणे, ही त्यांची खरी ताकद होती आणि ती पायातल्या कातड्यावर अवलंबून नव्हती. पेनल्टी मात्र मी त्यांना देणार नाही. पेनल्टी छेत्री मारेल.

आता काकांचा मुद्दा. नेव्हिलला बाहेर ठेवताना माझाही हात अडखळला होता. पुढच्या चार जागांपैकी दोन बगलांच्या आहेत, त्यामुळे आत दोनच जण मावतात. चुनी गोस्वामींना मी काढू शकत नाही. जकार्ताचे ते कर्णधार होते आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्धचे दोन गोल त्यांचे होते. मग प्रश्न छेत्री की नेव्हिल एवढाच उरतो. प्रत्येक खेळाडू ऐन भरातला धरायचा या नियमाने नेव्हिलचे पारडे जड होते, हे मी मान्य करतो. पण ऐन भर मोजायचा कशाने? मेलबर्नच्या त्या काही दिवसांनी, की ज्यात चढ-उतार, दुखापती आणि बदललेले प्रशिक्षक हे सारे येऊन गेले अशा दीर्घ काळाने? मी दुसऱ्याला अधिक मानतो. २००८ मध्ये दिल्लीत एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, भारत ४-१ ने जिंकला आणि त्या विजयामुळेच २०११ च्या आशियाई चषकात आपल्याला प्रवेश मिळाला. अंतिम सामन्यात उभे राहण्याची परीक्षा त्यानेही दिलेली आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि हा धागा वाचून राहवले नाही. आय. एम. विजयन आणि बायचुंग भुतिया यांचा अजून कोणी उल्लेखही केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. आणि १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात, सव्वा लाखाहून अधिक लोकांसमोर मोहन बागानविरुद्ध भुतियाने ईस्ट बंगालसाठी तीन गोल केले. इतक्या मोठ्या आवाजात स्वतःचे डोके शांत ठेवणे, हे शिकवून येत नाही. हे दोघे निदान राखीव खेळाडूंत तरी असावेत.

मांजरा (लातूर)

आता गोलरक्षकाबद्दल लिहिते. काल म्हटल्याप्रमाणे मी थंगराज यांच्या जागी गुरप्रीत सिंग संधूला घ्यावे असे सुचवते, आणि त्यामागे गुणवत्तेइतकाच नियमांचाही विचार आहे.

थंगराज मोठेच होते. १९५८ साली ते आशियातील सर्वोत्तम गोलरक्षक ठरले होते. पण गुरप्रीतही त्या उंचीचा आहे, अगदी शब्दशः सुद्धा. नॉर्वेच्या स्टाबेककडून तो २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे भारताने आशियाई विजेत्या कतारला ०-० असे रोखले. त्या रात्री छेत्री खेळत नव्हता आणि कर्णधार गुरप्रीत होता. नव्वद मिनिटे कतारचे फटके येत राहिले आणि तो एकामागून एक अडवत राहिला. तो सामना मी घरी उभी राहूनच पाहिला, बसवेना.

आता नियमांचा हिशेब पाहा. गुरप्रीत आला की थंगराज यांनी व्यापलेली जकार्ताची एक जागा मोकळी होते. ती मधल्या फळीत युसूफ खान यांना देता येते. नूर मोहम्मद हे मेलबर्नचे, म्हणून ते पाचांच्या मर्यादेत मोजले जात नव्हते, हे खरे. पण युसूफ खान बचाव, मधली फळी आणि आघाडी अशा तिन्ही ठिकाणी खेळलेले आहेत. दादा, आपलीच कसोटी आपल्याला परत देते : दोन-तीन जागा सांभाळणारा खेळाडू रहीमसाहेबांना अधिक मोलाचा वाटे ना?

काचिगुडा पॅसेंजर (नांदेड)

ताईंचा युक्तिवाद बिनतोड आहे. थंगराज यांच्यावर माझा जीव आहे, तरी मला तो मान्य करावा लागतो. एवढीच नोंद करतो की थंगराज सुरुवातीला आघाडीवर खेळत आणि नंतर गोलरक्षक झाले. म्हणजे जागा बदलण्याची कसोटी तेही उत्तीर्ण होतात.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मन्नांबद्दलचा खुलासा मला पटला. पण मधल्या बचावात झिंगन का, हे कळले नाही. अरुण घोष हे जर्नेल सिंग यांचे खरे जोडीदार होते.

दुधनाकाठ (सेलू)

अरुण घोष घेतले की जकार्ताचे सहा जण होतात, एवढेच कारण आहे. नियम मीच केला असल्यामुळे तो मी मोडणार नाही. झिंगन अंगावर येणाऱ्या चेंडूला आणि खेळाडूला कधीच पाठ दाखवत नाही, आणि जर्नेल सिंग यांच्या शेजारी उभे राहायला तीच वृत्ती लागते.

जर्नेल सिंग यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण रहीमसाहेबांना मी प्रशिक्षक का केले याचे उत्तर त्यातच आहे. जकार्तात जर्नेल यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. देशातला सर्वांत भक्कम बचावपटू हेडर मारण्याच्या अवस्थेत नव्हता. दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाने त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना थेट आघाडीवर नेले. त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यातही केला; त्या सामन्यातला आपला उरलेला गोल पी. के. बॅनर्जींचा. समोर दक्षिण कोरिया होता, ज्याच्याकडून आपण गटातला पहिलाच सामना ०-२ ने हरलो होतो. प्रेक्षकांचे भरगच्च मैदान पूर्णपणे आपल्या विरोधात होते. आपण तो सामना २-१ ने जिंकलो. त्यानंतर वर्षभराच्या आतच, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

सर्वांचे म्हणणे लक्षात घेऊन दुसरा मसुदा मांडतो. गुरप्रीत, नईमुद्दीन, जर्नेल, झिंगन, मन्ना, युसूफ खान, सुदीप चॅटर्जी, पी. के., छेत्री, चुनी, बलराम. राखीव म्हणून थंगराज, अरुण घोष, नेव्हिल, विजयन आणि भुतिया. राखीव खेळाडूंना पाचांची मर्यादा लावलेली नाही, आणि ती लावू नये असे मला वाटते.

काचिगुडा पॅसेंजर (नांदेड)

मसुदा स्वीकारतो, पण नेव्हिल राखीव असणे मला मान्य नाही, हे नोंदवून ठेवावे. छेत्रीला डाव्या बगलेवर न्यावे आणि नेव्हिलला मध्ये आणावे. ताईंनीच सांगितले आहे की तो तिथेही खेळतो.

दुधनाकाठ (सेलू)

काका, मग बलराम बाहेर जातील, आणि ते मला कोणत्याही कारणाने चालणार नाही. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा हा मुलगा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीविरुद्ध आपला गोल त्यांचा आणि पेरूविरुद्धचाही त्यांचाच. हंगेरीसारख्या संघाशी आपण केवळ १-२ ने हरलो होतो. चुनी, पी. के. आणि बलराम हे त्रिकूट एकत्र उच्चारले जाते, पण पहिल्या दोघांना पद्मश्री मिळाली आणि बलराम यांना ती कधीच मिळाली नाही. छातीच्या आजारामुळे ऐन उमेदीत, १९६३ मध्ये, त्यांना खेळ सोडावा लागला. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते गेले, तेव्हा मला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती बातमी शोधावी लागली. निदान आपल्या संघात तरी त्यांची जागा कोणी घेऊ नये.

बालाघाट (अंबाजोगाई)

चर्चा वाचून मी शनिवारी शाळेत एक प्रयोग केला, तो कळवतो. आठवी-नववीच्या मुलांचे दोन संघ केले आणि रहीमसाहेबांप्रमाणे अट घातली, की चेंडूला फक्त कच्चा पाय लागेल. पहिली दहा मिनिटे कोणालाच काही सुचत नव्हते. चेंडू सतत बाहेर जात होता आणि आमचा सर्वांत चपळ मुलगा तर चक्क थांबून उभा राहिला. मग हळूहळू त्यांना कळले की पायाने जमत नसेल तर चेंडू लवकर सोडावा लागतो, आणि लवकर सोडायचा तर आधी मान वर करून कोण कुठे आहे ते पाहावे लागते. शेवटच्या पंधरा मिनिटांत एरवी कधीच पास न देणारी मुले पास देऊ लागली. एक गोल झाला. तो वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाने केला. तो मुळात डावखुरा आहे, त्यामुळे त्याला उजवा पाय वापरावा लागत होता.

पुढच्या शनिवारी ड्रिबलिंगला मनाई करून खेळवणार आहे. काका आणि दादा, नेव्हिल आणि बलराम यांच्याबद्दल मुलांना काय सांगू ते तेवढे ठरवून ठेवा, कारण त्या अबोल मुलाने मला विचारले आहे, की डाव्या बगलेवर उजव्या पायाचा खेळाडू ठेवतात का.